ताज्या दुःखाची पहिली आवृत्ती

लिफ्ट तपासणी खात्यातल्या एका निरीक्षकाला कविता होत असत. खात्याने त्याबाबत कोणतीही कारवाई केली नव्हती. दर सोमवारी तो मोबाइलवर एक कविता टाकी आणि तिला साधारण अकरा लाइक मिळत. त्यांतले सात जण आपापल्या इमारतीच्या लिफ्टच्या दाखल्याची वाट पाहणारे असत.

मग आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं आणि ती चार दिवस दवाखान्यात गेली. घरात एरवी आई आणि तो, दोघंच. पहिल्याच सकाळी चहा करायला गेलेल्या कवीला साखरेचा डबा सापडेना. पन्नाशीला टेकलेला माणूस ओट्यापाशी उभा राहिला आणि त्याला खरोखर भरून आलं. त्याने तिथेच लिहिलं: ‘आई, तू गेलीस, आणि साखर कुठे असते हे मला कोणीच सांगितलं नाही.’ तीन ठिकाणी ओळ तोडली आणि मोबाइलवर टाकली.

तो ऑफिसात पोचेपर्यंत चारशे माणसं रडली होती. दुपारी आकडा तीन हजारांवर गेला. साहेब स्वतः टेबलापाशी आले आणि त्यांनी तीन दिवसांची रजा मंजूर केली.

“साहेब, आई तशी...”

“काही बोलू नकोस,” साहेब डोळे पुसत म्हणाले. “साखर मलाही सापडत नाही.”

घरी येऊन कवीने खुलासा लिहायला घेतला: ‘आई दवाखान्यात गेली असून प्रकृती उत्तम आहे.’ वाचून पाहिलं तर त्यात कविता उरली नव्हती. शिवाय एवढी माणसं मनापासून हळहळत असताना त्यांना तोंडघशी पाडणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आला. कवीच्या वह्या याच प्रकाशकाने दोनदा न उघडता परत केल्या होत्या.

“चाळीस कविता हव्यात. सहा आठवड्यांत,” प्रकाशक म्हणाला. “दुःख ताजं आहे तोवर.”

“एक अडचण आहे. आई शुक्रवारी बरी होऊन घरी येतेय.”

प्रकाशकाने आवाज खाली आणला. “ते आपल्या दोघांतच ठेवू,” तो म्हणाला.

आई निवृत्त मुद्रितशोधक होती. छत्तीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्यामुळे तिला आता कशाचंच नवल वाटत नसे. शुक्रवारी घरी आल्यावर तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मी कशाने गेले?”

“कवितेत ते स्पष्ट नाही.”

“बरं केलंस. आणि साखर डोळ्यांसमोरच्या फळीवर असते रे.”

प्रकाशकाने कामाची पद्धत आखून दिली. दर आठवड्याला आईच्या एका वस्तूचा फोटो आणि खाली कविता. पहिल्या आठवड्यात चष्मा झाला. ऊन नीट पडेपर्यंत तो खिडकीत ठेवावा लागे, त्यामुळे आईला पेपर दुपारी वाचायला मिळू लागला. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची होती.

“आई, दोन मिनिटं उठतेस? रिकामी खुर्ची हवीय.”

आई टाक्यांवर हात धरून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिची सावली फोटोत येत होती, म्हणून तिला स्वयंपाकघरात पाठवावं लागलं. गॅलरीत जाणं तर बंदच झालं. छापखान्यातली तिची जुनी मैत्रीण एक दिवस रडत भेटायला आली, तेव्हा कवी घरी नव्हता आणि दार आईनेच उघडलं. मैत्रीण आधी किंचाळली, मग गळ्यात पडली, आणि मग पाणी पिऊन काळजीत पडली. “अगं, मी तुझ्यावर दोन पानं लिहून टाकलीत. लोकांना आवडलीत गं. आता काय करू?”

“राहू दे,” आई म्हणाली. “चांगलं लिहिलंयस ना?”

पुस्तकाची मुद्रितं आली. प्रकाशकाला मुद्रितशोधक परवडत नव्हता आणि घरात तर एक होता. आई लाल पेन्सिल घेऊन बसली. ‘गेलीस’मधला ‘ली’ तिने एकोणीस ठिकाणी दीर्घ केला. सत्ताविसाव्या पानावर समासात लिहिलं, ‘माझे हात खरखरीत नव्हते.’ अडतिसाव्या पानावर मात्र पेन्सिल थांबली. तिथे ओळ होती: ‘तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं.’

“ही ओळ बरोबर आहे,” आई म्हणाली. “मी बसलेय इथे. बोल.”

कवीला काहीतरी सांगायचं होतं खरं. पण घड्याळात पावणेदोन झाले होते. “आत्ता नको गं. दोनला मुलाखतवाले येतायत. तू जरा आतल्या खोलीत...”

आई आत गेली. जाताना मुद्रितं नीट लावून ठेवली.

प्रकाशन समारंभाला सभागृह तुडुंब भरलं होतं. कवीने पहिली कविता वाचली आणि रुमाल बाहेर निघाले. तिसऱ्या कवितेला शेवटच्या रांगेतून एक बाई उठल्या.

“माफ करा,” त्या म्हणाल्या, “मी ह्याची आई.”

सभागृह चिडीचूप झालं. मग पहिल्या रांगेतल्या एका बाई हुंदका देत उठल्या आणि म्हणाल्या, “मीसुद्धा!” त्यांच्यामागून आणखी वीसेक जणी उठल्या. “आम्ही सगळ्याच ह्याच्या आया!” टाळ्या थांबेनात. प्रकाशकाने हात जोडले. आई खाली बसली.

स्वाक्षरीसाठी दारापर्यंत रांग लागली. मान वर न करता कवी लिहीत होता. समोर पुस्तक आलं.

“कोणाच्या नावाने?”

“आईच्या.”

त्याने ‘आईच्या स्मृतीस’ इतकं लिहिलं आणि आवाज ओळखून वर पाहिलं. आई त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही; चूक सापडली की बघे, तशी. तो खुर्चीतून अर्धवट उठला. प्रकाशकाने खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. “रांग मोठी आहे,” तो म्हणाला.

“आजी, सरका ना जरा,” मागचा गृहस्थ म्हणाला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. आईने पुस्तक मिटलं आणि ती गर्दीतून दाराकडे गेली.

गृहस्थ पुढे सरकला तसा त्याच्या हातातला फोन वाजू लागला. पडद्यावर ‘आई’ अशी अक्षरं होती. त्याने अंगठ्याने फोन बंद केला आणि पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं.

“माझ्याही आईच्याच नावाने लिहा,” तो म्हणाला. “आहे अजून. पण पुढे लागेल.”