परत काढ, ताई!

भिकन आप्पांनी पँट शिवायची म्हणून एकाच दुपारी तीन शिंप्यांकडून कंबर मोजून घेतली. आकडे तीन आले. आप्पा कापड काखोटीला मारून तसेच परतले. "दोघांचा तरी मेळ बसू दे, मग शिवू," म्हणाले. सुरतेत राहून माणूस विटकी पँट घालतो, काय म्हणावं!

आमच्या स्कॅन सेंटरात आप्पा माझे सीनियर. मूळचे अमळनेरकडचे, तरुणपणी नवागामला लूमवर तुटलेले धागे जोडायचे. आता मेंदूतले शोधतात. मेंदूत संदेश कुठल्या वाटांनी जातात, ते एमआरआयवरून कॉम्प्युटर रेघा काढून दाखवतो. पण वाट कुठून शोधायची, ती चौकट माणसानं माउसनं आखायची. चौकट केसभर सरकली की वाट जाड होते, नाहीतर गायबच.

आप्पांचा जीव यात का अडकलाय, ते आम्हाला ठाऊक होतं. वर्षापूर्वी त्यांच्या बायकोला, सुमनकाकींना, मेंदूचा झटका आला आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, शब्द येत नाही. बोलण्याचा सराव करून करून त्या कंटाळल्या, हल्ली वही समोर धरली की ढकलून देतात. नव्या स्कॅनमध्ये बोलण्याची वाट खरंच सुधारलेली, म्हणजे जाड झालेली निघाली, तर त्या पुन्हा सरावाला बसतील, एवढीच आप्पांची आशा.

आणि आमच्या मागे त्यांची भुणभुण: "परत काढ, ताई!"

एकदा सोमवारी मी एका पेशंटची वाट काढली. शुक्रवारी त्याचाच नवा स्कॅन म्हणून आप्पांनी दुसरी फाइल दिली. मी थाटात शेरा मारला, 'चांगली सुधारणा'. आप्पा गालात हसले. "तोच स्कॅन शे ताई. फाइलमा पडीसन सुधरना का?"

मेले मी लाजेनं!

दुसऱ्या दिवशी भिंतीवर आप्पांनी लिहिलेला नियमांचा कागद. चौकट केवढी, कुठल्या खुणेला धरून. नाव झाकायचं. जुना-नवा कळता कामा नये. दोघांनी वेगवेगळं काढायचं. डॉक्टरही कुरकुरत तसंच करायला लागले.

काकींचे दोन्ही स्कॅन आप्पांनी स्वतः नऊ वेळा काढले. नऊही वेळा नवी वाट जाड.

"मग सांगा की काकींना!" मी म्हटलं.

"मन्हा हातवर मन्हा भरोसा नही, ताई. त्याले जाडच पाहिजे."

इतका हट्टी माणूस! मला राग आला आणि रडूही आलं.

शेवटी त्यांनी काकींचे स्कॅन दहा-बारा परक्या स्कॅनांत मिसळले, नावं झाकली, मला आणि डॉक्टरांना दिले. यात काकी कुठल्या, हे मी अर्धा दिवस हुंगत होते. पत्ता लागला नाही. मुकाट्यानं कागदाप्रमाणे काढत गेले.

शनिवारी नावं उघडली. मी काढलेली काकींची नवी वाट जाड. डॉक्टरांचीही जाड, आणि दोघांचे आकडे जवळजवळ सारखे.

"थोडुं ज छे हों, भिकनभाई," डॉक्टर घाईनं म्हणाले, "एवढ्या थोड्या फरकानं त्या बोलतीलच असं नाही."

आप्पांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "वरीसभर घरमा मी एकलाच बोली ऱ्हायनू, ताई."

त्यांनी घरी फोन लावला. "सुमन, जाड व्हयनी. त्या दोन्हीसनी काढी, मी नही."

मग फोन कानाशी घट्ट धरून आप्पा पलीकडचा काकींचा अडखळता आवाज ऐकत राहिले.