शमुवेल काकांविरुद्ध आठ सह्या

अन्याय माझ्यावर झाला. गुरुवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, गोडदेवमधल्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर. मी बनियनवर होतो. अन्याय करणारे इस्त्रीच्या शर्टात होते आणि त्यांच्या काखेत गायनाचं पुस्तक होतं.

"सलाम, पुढारी," शमुवेल काका म्हणाले. "काल आला नाहीस. म्हटलं, मंडळीनंच तुझ्याकडं यावं."

मंडळी म्हणजे एकटे काका. पण ते आत आले ते नऊ माणसं आल्यासारखे. चप्पल काढली, खुर्ची ओढली, आईला म्हणाले, "चहा शेवटच्या प्रार्थनेनंतर, घाई नाही," आणि गायला लागले.

आता हे प्रकरण काय ते सांगतो. भाईंदर पूर्वेला आमची दर बुधवारी संध्याकाळी घरप्रार्थना असते. आज तुमच्या घरी, पुढच्या बुधवारी आमच्या. दोन गीतं, बायबलमधलं एक वचन, प्रार्थना, चहा-बिस्कीट. आम्ही नऊजण. जो बुधवार चुकवेल त्याच्या दारात काका गुरुवारी सकाळी हजर, आणि चुकलेली सभा पहिल्या गीतापासून आमेनपर्यंत त्याच्या एकट्याकडून पूर्ण करून घेणार. लग्नाला गेलो होतो, ताप होता, ओव्हरटाइम होता, असली कारणं काका मन लावून ऐकून घेत आणि विचारत, "बरं. गीत कुठलं घेऊया?"

आवाजाबद्दलही बोललं पाहिजे. काकांनी काशीमीऱ्याच्या गॅरेजमध्ये तीस वर्षं ट्रकची चाकं बसवली. हायवेवरच्या हॉर्नच्या वर आपला आवाज काढायची त्यांची सवय देवासमोरही सुटलेली नाही. समोरच्या फ्लॅटमधले शाहभाई मला जिन्यात म्हणाले, "अंकल रोज नहीं आ सकते क्या? मेरा बेटा उसी दिन टाइम पे उठता है." अन्यायाला जनाधार मिळतो तो असा.

मला ते पुढारी म्हणतात कारण मी पत्रकं काढतो. नळाला पाणी नाही, पत्रक. फूटपाथवर फूटपाथ सोडून सगळं आहे, पत्रक. त्या दिवशी मी त्यांनाही तत्त्व ऐकवलं. "काका, श्रद्धा ही खासगी गोष्ट आहे. मी काल घरी मोबाईलवर उपासना बघितली."

"जेवलास पण मोबाईलवरच का? की नुसते पोहे बघितलेस?"

"तसं नाही—"

"वचन कशावर होतं?"

"क्षमेवर."

"मग क्षमा कुणाला केलीस? मोबाईलला?"

आई स्वयंपाकघरात हसली. मी तिचंही नाव मनात लिहून ठेवलं.

काकांचा सगळा धर्म गॅरेजमधून आलेला आहे. "चाकाचा एकच नट पिळून पिळून आवळला की चाक वाकडं बसतं," ते म्हणत. "हा थोडा, मग समोरचा थोडा, परत हा. शिष्य पण असेच घट्ट होतात. सगळे थोडे थोडे, एकमेकांच्या समोर. तू एकटाच आवळला गेलायस, पुढारी." आणि त्यांचं लाडकं वाक्य, जे मी किमान शंभर वेळा ऐकलंय: "एकट्यानं फक्त पाप होतं रे. बाकी सगळ्याला दोघं लागतात."

आमच्यातल्या फिलिपभाऊंशी माझं बाईक लावण्यावरून वाजलं होतं. ते रिक्षा चालवतात, त्यामुळे शिव्यांत मी हरलो आणि अबोला धरला. बुधवारी आम्ही दोघं दोन टोकांना बसायचो आणि बंधुप्रेमाची गीतं भिंतीकडे बघून म्हणायचो. काकांनी हे तीन आठवडे पाहिलं. चौथ्या बुधवारी सभा मार्थामावशींकडे होती. काकांनी त्यांच्या मोरीतून भिजलेली सोलापुरी चादर उचलून आणली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं फिलिपभाऊंच्या.

"पिळा."

"काका, हा काय बालिशपणा?"

"माझी चादर पिळून निघते तर काय वाईट आहे?" मावशी म्हणाल्या.

पिळली. चादर पिळताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं, नाहीतर दोघंही एकाच बाजूला पीळ देत बसतात. आम्ही तेच केलं. चादर नुसतीच गोल फिरत राहिली. "अबे, उलटा घुमा ना!" फिलिपभाऊ ओरडले. तीन आठवड्यांतले त्यांचे ते पहिले शब्द. मला हसू आलं. याची मला अजूनही लाज वाटते, कारण बाईकच्या बाबतीत मी शंभर टक्के बरोबर होतो.

तर अशा माणसाविरुद्ध मी अर्ज काढला. "गुरुवारच्या सक्तीच्या भेटी तत्काळ बंद कराव्यात." खाली आठ सह्या, पहिली माझी. मार्थामावशींनी सही करताना विचारलं, "त्याला वाईट नाही ना वाटणार?" मी म्हटलं, प्रश्न व्यक्तीचा नाही, तत्त्वाचा आहे. हे वाक्य मी अनेक पत्रकांत वापरलंय आणि दर वेळी चालतं.

काकांनी अर्ज चष्मा लावून वाचला. सह्या एकेक करून बोटानं मोजल्या.

"आठही जणांनी मिळून केलंत?"

"हो."

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून काहीतरी केलंत." कागदाची घडी खिशात गेली आणि गुरुवार बंद झाले.

चळवळीचा एवढा स्वच्छ विजय मी आजवर पाहिलेला नाही. पुढच्या बुधवारी सातजण आले. मग पाच. फिलिपभाऊंना भाडी चांगली मिळायला लागली, रूथताईंच्या मुलाचा क्लास त्याच वेळी आला. मग एका बुधवारी मीच गेलो नाही. कारण काही नव्हतं. काही नसतंच.

आणि गुरुवारी सकाळी सहाला मला जाग आली. मी शर्ट घातला. खुर्चीवरचे कपडे उचलले. आईनं चहाचं आधण ठेवलं, न विचारता. साडेसहा झाले, सात झाले. कुणी आलं नाही. मला संताप आला. म्हणजे मी आलो नाही तरी या माणसाला चालतं?

जाब विचारायला तडक काशीमीऱ्याला गेलो. तेव्हा लक्षात आलं की काकांचं घर आम्हा आठांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. इतकी वर्षं तेच आमच्याकडे येत होते; बुधवारची पाळीसुद्धा त्यांच्याकडे आम्ही कधी लावली नव्हती. तीन गॅरेजवाल्यांना विचारत विचारत टायरच्या दुकानावरची खोली सापडली. दार उघडंच होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, कॉटवर बसले होते.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही. सवयीनं तयार होतो."

"तुम्ही आज आला का नाहीत?"

"पहिली सही कुणाची होती?"

मी बसलो. खाली कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. काकांनी स्टोव्ह पेटवला आणि माझ्याकडे पाठ करून बोलायला लागले, त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात.

"तुझी काकू गेली ना, तेव्हा माझं उपासनेला जाणं सुटलं. गाणंच यायचं नाही तोंडातून. तेव्हाची मंडळी चांगली होती, दोनशे माणसं. सगळे म्हणाले, शमुवेलला थोडा वेळ देऊया." त्यांनी साखर टाकली. "दोन वर्षं दिला."

"मग कोण आलं?"

"कोण येणार? माझा मीच गेलो. तोवर माझी जागा कुठली, ते पण कुणाला आठवत नव्हतं."

चहा झाल्यावर मी गायनाचं पुस्तक मागितलं. गीत मीच सुरू केलं, चुकीच्या सुरात. दुसऱ्या ओळीला काका आले आणि खालचा हातोडा ऐकू येईनासा झाला.

माझी सही मी मागे घेतली आहे. मार्थामावशींनी आणि फिलिपभाऊंनीही. गुरुवारी आता आम्ही दोघा-दोघांनी जातो. काल बुधवारी सहाजण होतो, तिघं अजून यायचे आहेत.

आता तुमच्याकडे मागणी. तुमच्या मंडळीत कोण बरेच दिवस दिसलेलं नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. हे वाचताना नाव आठवलंसुद्धा. त्याला वेळ देऊ नका. मेसेज टाकू नका. उद्या सकाळी जा, आणि दार उघडेपर्यंत वाजवत राहा.