सासऱ्यांची रेघ, जावयाची रेघ

"डोळे बांधून रेघ मारली तरी केसभर हलायची नाही!" हे वाक्य मिस्त्रींनी त्या महिन्यात निदान चाळीस जणांना ऐकवलं होतं, त्यातल्या पंधरा जणांना दोनदा. सुतारांचा काटकोन तपासायचा गुण्या असतो ना, त्यावरून सगळे त्यांना गुण्यामिस्त्रीच म्हणत. खेळांच्या हॉलमधल्या लाकडी फरश्या घासायच्या, पॉलिश करायच्या आणि त्यांवर कोर्टाच्या रेघा आखायच्या, हा त्यांचा धंदा. सव्वीस वर्षांत आपली एकही रेघ वाकडी गेली नाही असं ते सांगत, आणि ते खोटंही नव्हतं.

या वेळचं काम मात्र अगदी जिव्हाळ्याचं होतं. हॉल लेकीच्या कॉलेजचा, आणि रविवारी तिथेच तिची बॅडमिंटनची फायनल! लेकीनं आधीच जाहीर करून टाकलं होतं, "बाबा, मॅचच्या आधी मी अख्ख्या हॉलला ओरडून सांगणार, हे कोर्ट माझ्या बाबांनी केलंय!" तेव्हापासून मिस्त्रींचे पाय जमिनीला लागत नव्हते. घरी जेवताना मध्येच उगाच हसत.

आणि नेमका नेहमीचा जोडीदार पाय मुरगळून घरी बसला! त्याच्या जागी आले कोण? तर साक्षात सासरे! चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. दुकान बंद केल्यापासून हात स्वस्थ बसेनात, म्हणून घरभर मापं घेत हिंडायचे. मिस्त्रींची बायको म्हणाली, "घेऊन जा ना नानांना. उशांचे अभ्रे तीनदा उसवून झालेत. आता माझी पाळी यायची!"

फरशी घासून झाली, लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचा हात देऊन झाला आणि आखणीचा दिवस उजाडला. कोर्टाच्या मधोमध जाळी, आणि जाळीपासून मागच्या रेघेपर्यंत प्रत्येक बाजू सहा मीटर सत्तर. एक बाजू मिस्त्रींनी घेतली, दुसरी सासऱ्यांना दिली. सासऱ्यांनी गळ्यातली शिंप्याची टेप काढली. जेमतेम दीड मीटरची!

"मामा, फरशीला काय सदरा शिवायचाय?"

"टेप लहान असली की चारदा वाकावं लागतं, जावईबापू. आणि वाकलं की नीट दिसतं."

मिस्त्रींची टेप पोलादी, जुनी, पुढचा तुकडा कधीच तुटून गेलेला. म्हणून ती शून्याऐवजी दहाच्या खुणेवर धरायची आणि शेवटी दहा सेंटीमीटर वाढवून घ्यायचे, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. सासरे गुडघ्यावर रांगत पुढे सरकत होते तेवढ्यात मिस्त्रींनी आपली खूण केलीसुद्धा. वर चहाही पिऊन आले.

दुपारी दोन चिकटपट्ट्यांच्या मधे पिवळा रंग भरला, पट्ट्या सोलून काढल्या, आणि काय सांगू, रेघा अशा उमटल्या की पाय ठेवायची भीती वाटावी! मिस्त्री कौतुकानं टाचेला अंगठा लावत लावत चालून पाहू लागले. आपल्या बाजूला चोवीस पावलं. सासऱ्यांच्या बाजूला चोवीस पावलं आणि वर चार बोटं.

मिस्त्रींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिंपी शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडतात, त्याला म्हणतात माया. आणि माया किती सोडतात? चार बोटं!

"मामा! तुम्ही माया सोडलीत?"

"लाकडाला कसली माया? ते काय धुतल्यावर आटणार आहे?"

"मग तुमची बाजू मोठी कशी?"

"तुमची लहान असेल."

मिस्त्री इतके हसले की हॉलमध्ये त्यांचंच हसू दोनदा परत आलं. "सव्वीस वर्षं, मामा! सव्वीस!"

"पुन्हा मोजू या का?"

"मोजायचं कशाला? दिसतंय की!"

झालं! मिस्त्रींनी पॉलिश पेपर घेतला आणि सासऱ्यांची रेघ खरवडली. रेघ गेली, पण तिच्या जागी लाकडाचा फिकट पट्टा उघडा पडला. तो लपावा म्हणून कडेनं थोडं घासलं, तर ताटाएवढा डाग झाला. ताटाची चटई झाली, चटईचा पलंग झाला!

"रफू आहे, दिसणारच," सासरे म्हणाले.

"आता जमेल, मामा. एवढा कोपरा घेतला की जमेल!"

कोपरा घेतला, मग त्याच्या शेजारचा घेतला. शेवटी घासायचं मशीन पुन्हा आणलं आणि भिंतीपर्यंत अर्धा हॉल नव्यानं सोलला. पुन्हा सीलर, पुन्हा वाट बघणं. नवी रेघ मारताना मात्र मिस्त्रींनी टेपला हातच लावला नाही. आपल्या बाजूचं अंतर दोरीनं घेतलं आणि तीच दोरी पलीकडे ताणली. दोन्ही बाजू तंतोतंत! सासरे बाकावर बसून आपली टेप बोटाभोवती गुंडाळत राहिले. वर पॉलिशचे तीन हात बसले, आणि फरशीत दिवे दिसू लागले.

रविवारी हॉल गच्च भरला. लेक रॅकेट फिरवत कडेला उभी. एवढ्यात पंचबाई आल्या आणि पर्समधून टेप काढून कोर्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजू लागल्या. एकदा मोजलं, मग चष्मा लावून मोजलं.

"हे कोर्ट लहान आहे."

"शक्यच नाही!" मिस्त्री पुढे झाले. "दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत!"

"सारख्या आहेत ना. दोन्ही दहा-दहा सेंटीमीटरनं कमी."

दहा! मिस्त्रींना आपली तुटकी टेप आठवली, दहाची खूण आठवली, आणि वाढवायचे राहिलेले दहाही आठवले. तिकडे समोरच्या संघाचे प्रशिक्षक ओरडायला लागले, "असल्या कोर्टावर खेळायचं? मॅच आमच्या हॉलमध्ये घ्या!" लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

आणि मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आत सासरे बाकावरून उठले. "बाई, चूक माझी. मी शिंपी माणूस. यातलं मला काय कळतंय?"

ज्या माणसाची बरोबर रेघ आपण खरवडून काढली, तोच चारचौघांत आपली अब्रू झाकतोय! आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"थांबा, मामा." आवाज चिरकला, पण हॉलभर गेला. "यांची रेघ बरोबर होती, बाई. चुकलो मी. वर यांची बरोबर रेघ खोडून माझी चूक तिथेही करून ठेवली."

पंचबाईंनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं देते. पांढरी चिकटपट्टी लावून मागच्या रेघा नीट करा. नाहीतर मॅच तिकडे!"

सासऱ्यांनी गळ्यातली टेप काढली. गुडघ्यावर बसले, रांगत निघाले. मागोमाग जावई रांगत, टेपचं टोक धरून! सगळा हॉल टाचा उंचावून हा तमाशा पाहत होता.

"घट्ट दाबा, जावईबापू. आणि शून्यावर धरा हं!"

"धरलंय, मामा."

अठराव्या मिनिटाला पट्ट्या बसल्या. पंचबाईंनी मोजलं, मान डोलावली आणि माइक हातात घेतला. "खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी नोंद घ्यावी. पांढरी पट्टी हीच कोर्टाची मागची रेघ. तिच्या आत जी पिवळी रेघ दिसते आहे, तिच्याकडे कृपया दुर्लक्ष करावं. ती कशाचीच नाही!"

"आहे ना!" लेक कोर्टाच्या मधोमध उभी राहून, रॅकेट उंच करून, छतापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली. "माझ्या बाबांची आहे!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! मिस्त्रींना वाटलं, फरशीनं आता पोटात घ्यावं. पण तीन हात पॉलिश त्यांनी स्वतः दिलेलं. आत शिरायला फट म्हणून ठेवली नव्हती!