ताप मावशींचा, घसा लेकीचा

"खोटं आजारी पडायला काय अक्कल लागते?" मावशींनी फोनवर लेकीला ठणकावून सांगितलं. "तू फक्त ये. बाकी मी बघते!"

मावशी म्हणजे लाडोबाच्या मावशी. लाडोबाला आंघोळ घालण्यापासून झोपवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. लेकही हेच काम करायची, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. चिमणी नावाच्या एका चिमुरडीला सांभाळायची आणि तिच्याच घरी राहायची. मावशींची सुट्टी रविवारी, लेकीची बुधवारी. मग काय, मायलेकींची भेट फक्त फोनवर! चिमणीला कुठला दात आला हे मावशींना तोंडपाठ होतं. आपली लेक वाळलीय की भरलीय, हे मात्र कित्येक महिन्यांत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

रजा मागितली की ताई, म्हणजे लाडोबाची आई, गोड आवाजात म्हणायच्या, "घ्या की मावशी! रविवारी घ्या!" अहो, रविवार तर मावशींचाच होता! राहता राहिलं आजारपण.

मावशींचा बेत मोठा नव्हता. चहा गरम असतानाच प्यायचा, लेकीचे केस विंचरायचे आणि दुपारी एका चादरीत पडून डोळा लागेपर्यंत बोलत राहायचं. बस्स.

ठरलेल्या सकाळी मावशींनी कण्हत फोन लावला.

"ताई, ताप आलाय हो."

"अगं बाई! किती?"

लाडोबाला एकशे एक असताना ताई 'खेळतोय की, त्यात काय' म्हणाल्या होत्या, ते मावशींना आठवलं. आकडा जरा भरभक्कमच हवा.

"एकशे आठ!"

"मावशी! एकशे आठला माणूस बोलू तरी शकतं का?"

"नाहीच हो बोलवत. ठेवते." आणि त्यांनी झटकन फोन ठेवला.

थोड्या वेळात लेक आली. तिची या आठवड्याची बुधवारची सुट्टी रद्द झाली होती, म्हणून घसा बसलाय, आईकडे जाऊन पडते, असं तिने तिकडे सांगितलं होतं. मावशींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"वाळलीस गं."

"तूच वाळलीस, आई."

दोघींचे डोळे भरून आले. मावशींनी चहा गाळला, कप तोंडाला लावणार, एवढ्यात दार वाजलं.

दारात ताई! कडेवर लाडोबा, खांद्यावर पिशवी. मावशी चोरासारख्या चादरीत शिरल्या.

"एकशे आठ ताप आणि तुम्ही एकट्या! मला राहवेना," ताई आत येत म्हणाल्या. "ऑफिसात सांगितलं, लाडोबाला ताप आहे. मावशींना ताप आहे म्हटलं तर मला रजा कोण देणार?"

"मी आहे ना ताई, मी बघते आईकडे," लेक खणखणीत आवाजात म्हणाली.

लाडोबा मावशींच्या पोटावर चढून बसला. ताईंनी थर्मामीटर लावला. ताप नावालाही नव्हता!

"उतरला वाटतं," मावशी पुटपुटल्या.

"इतका ताप इतक्या पटकन? हे लक्षण चांगलं नाही!" ताईंनी त्यांच्या कपाळावर ओला रुमाल थापला.

तेवढ्यात परत दार वाजलं. चिमणीचे आजोबा! एका हातात मधाची बाटली, दुसऱ्या हाताला चिमणी.

"पोरी, घसा कसा आहे? ही सारखी तुझ्या नावाने रडतेय."

लेकीचा आवाज जागच्या जागी गेला. "बसलाय," ती कुजबुजली.

"बसलाय?" ताईसुद्धा कुजबुजल्या. "आत्ता तर छान बोलत होती!"

"आत्ता?" आजोबाही कुजबुजले. समोरचा कुजबुजला की आपणही कुजबुजतो, त्याला काय करणार!

ताईंचे डोळे विस्फारले. "आजोबा, ही साथ आहे! माझ्यादेखत लागण झाली!"

मावशींना वाटलं, जमलं! आता हे पोरांना उचलून पळणार. पण आजोबा पडले विचारी माणूस.

"मुलांना लागण व्हायची ती झालीच असणार," ते म्हणाले. "घरी नेऊन आणखी चौघांना कशाला द्यायची? त्यापेक्षा संध्याकाळपर्यंत इथेच राहू देत."

"बरोबर!" म्हणत ताई दाराबाहेर. मागोमाग आजोबा.

आणि मायलेकी आपापलं काम घेऊन घरातच बसल्या! लाडोबाने चहा लवंडला. चिमणीने कंगवा पाण्याच्या बादलीत पोहायला सोडला. भात भरवणं, तोंडं पुसणं, भांडणं सोडवणं. बोलायला म्हणून कुणी तोंड उघडलं की कुणीतरी भोकाड पसरायचं.

दुपारी एकदाची पोरं आडवी झाली. दोघींच्या मधे ती दोन, म्हणजे लेकीपर्यंत हातही पोचेना. लेक चिमणीला थोपटत गुणगुणू लागली, 'झोप गं मनी, झोप रे ससा, चांदोबा निजला उशीला कसा.'

मावशींनी मान वर केली. हे तर त्यांनी स्वतः लाडोबासाठी जुळवलेलं!

"तुला कुठून येतं गं हे?"

"फोनवरून. तू त्याला झोपवत असतेस ना, तेव्हा मी मुद्दाम फोन ठेवत नाही." लेक जरा थांबली. "मलाही झोप येते मग."

मावशींनी लाडोबाला अलगद उचललं आणि भिंतीकडे सरकवलं. मग चिमणीला. रिकाम्या झालेल्या जागेत त्या लेकीला बिलगून पडल्या. दोघींना किती बोलायचं होतं! पण शिणलेली लेक लगेच झोपली, आणि मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत नुसत्या बघत राहिल्या.

संध्याकाळी आजोबा चिमणीला आणि लेकीला घेऊन गेले. मग ताई आल्या.

"मावशी, खरं सांगा. ताप नव्हता ना?"

"नव्हता." मावशींनी मान खाली घातली. "लेक भेटत नाही हो. तिची सुट्टी बुधवारची."

ताई हळूच म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का? आजपासून तुमची सुट्टी बुधवारी. रविवारी लाडोबाला मी बघेन."

मावशींना आनंदाने काही सुचेना! दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या त्यांनी लेकीला फोन लावला. पण लेकच आधी ओरडली, "आई! वाटेत आजोबांना सगळं खरं सांगून टाकलं. फार चांगला माणूस गं! त्यांनी माझी सुट्टी बदलून दिली. रविवारची!"

मावशी बोटांवर वार मोजू लागल्या.

"आई? ऐकतेयस ना?"

काय सांगायचं याची जुळवाजुळव होईपर्यंत तिकडे चिमणी रडायला लागली. तिचं ऐकून इकडे लाडोबाने सूर लावला.

"ठेवते गं," दोघी एकदमच म्हणाल्या.