अन् मधीच बंद पडलं तर?

माझ्या नातीचं बारसं होतं. बायका पाळणा म्हणत होत्या, आत्याबाई नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकल्या होत्या, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "अन् मधीच कडी निसटली तर?" गाणं थांबलं. मी मागं न बघताच ओळखलं, गजानन. वर पाहिलं तर पाळण्याला दुसरी दोरी बांधलेली. हा बाबा पाहुणे यायच्या आधीच येऊन बांधून गेला होता.

गजानन माझा शेजारी. सेलूत त्याचं घर आणि माझा फोटो स्टुडिओ यांच्यात एकच भिंत आहे. वय चाळिशीचं, लग्न नाही. एकदा जमत आलं होतं, पण बैठकीत त्यानं मुलीच्या वडिलांना विचारलं, "अन् मधीच पटलं न्हाई तर?" त्यांनी त्याच्या पुढ्यातली पोह्यांची बशी उचलली आणि आत नेली.

तो पोटापाण्यासाठी काय करतो हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. दिवसभर खिडकीशी बसून कॉम्प्युटरवर वाचतो आणि नकारार्थी मान हलवतो, एवढंच दिसायचं. मग माझी हार्ड डिस्क बसली. तिच्यात एका अख्ख्या लग्नाचे फोटो होते. नवरीच्या बापाला चुकवत मी मागच्या दारानं ये-जा करू लागलो आणि एक दिवस गजाननच्या ओट्यावर बसून माझं रडगाणं गायलो.

"लग्न एक अन् डिस्कबी एकच?" तो म्हणाला. "लय बेफिकीर हाव तुमी, भाऊ. एक फोटो दोन डिस्कवर संगंच लिहायचा. एक मेली तरी दुसरी हाय. समजलं?"

"समजलं."

"आता समजा, चार स्टुडिओवाले त्याच दोन डिस्कवर लिहायलेत. कोण कुठं लिहायलंय, हे एकमेकाला सांगितलंच न्हाई तर?"

"तर?"

"नवरी सेलूची अन् नवरदेव पालमचा. एकाच फोटोत."

हा सांगासांगीचा कारभार कॉम्प्युटरच्या पार गाभ्यात चालतो. त्यात जगभरचे लोक दुरुस्त्या सुचवतात, आणि त्या ओळ न् ओळ वाचून खोड काढायचा गजाननला पगार मिळतो. आमच्या गल्लीत हे काम लोक फुकट करतात. असो. त्यानं मला दोन डिस्क घ्यायला लावल्या, त्याही वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या महिन्यांत. "संगं आलेल्या संगंच जात्यात," हे वर.

त्याची आई जवळच्या वालूर गावात एकटी राहायची. वडील गेल्यापासून मायलेकांचा एक रिवाज होता. सकाळी हा आईला मिस कॉल द्यायचा, आणि ती उलटा मिस कॉल द्यायची. उचलायचा नाही, बोलायचं नाही. वाजला म्हणजे आहे. आईच्या फोनमध्ये त्यानं दोन कंपन्यांची दोन सिम घातली होती. का, ते तुम्ही आता ओळखलंच असेल.

त्या आठवड्यात गजाननचं जेवणाकडं लक्ष नव्हतं. एक दुरुस्ती आली होती. एकाच डिस्कवर लिहिणाऱ्या चार मशीनपैकी एक बोलेनाशी झाली, तर बाकीच्यांनी तिला मेली समजून पुढं जायच्या आधी किती थांबायचं? नव्या दुरुस्तीत हे थांबणं कमी केलं होतं, कारण तोवर सगळ्यांचं काम अडून बसतं. इतर सगळ्यांनी होकार दिला होता. याचाच राहिला होता, आणि रोज तगादा येत होता.

"मेली समजली अन् ती जित्ती निघाली तर?" तो मला विचारायचा. "तीबी लिहायली, हेबी लिहायले. कुणाकुणाचं काय काय असंल त्या डिस्कवर. दवाखान्याचं असंल." मला काय कळतंय त्यातलं, पण त्याचा चेहरा बघून मीही मान हलवायचो.

आणि अशातच एका सकाळी तो माझ्या दुकानात आला. हातात फोन, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"आईचा मिस कॉल न्हाई आला. लावला तर वाजायलाय, पण उचलत न्हाई. शेजारच्या काकू शेतात गेल्या असत्याल, त्यांचा लागंना."

"अरे, थोडं थांबू की. तूच तर म्हणतोस."

"ते मशीनचं हाय, भाऊ. गाडी काढा."

मी मोटारसायकल काढली. मागं बसून तो माझा खांदा इतका आवळत होता की मला गिअर बदलणं अवघड झालं. वाटेत समोरून एसटी आली, मी गाडी खाली घेतली, दोघं धुळीनं माखलो. एरवी त्यानं ब्रेकबद्दल दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी धूळ न झटकताच म्हणाला, "चला, भाऊ."

घराला बाहेरून कुलूप होतं. गजाननने पुन्हा फोन लावला. घंटी घरातूनच ऐकू आली. बंद दाराआड फोन वाजतोय आणि कोणी उचलत नाही. तो दारावर हात ठेवून नुसता उभा राहिला. कुलूप बाहेरून आहे म्हणजे त्या बाहेर गेल्या असतील, असं मी म्हणालो आणि तरीही खिडकीतून आत डोकावू लागलो.

तेवढ्यात शेजारच्या काकू डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या. "आगं बाई, गजानन? तुझी माय तर तुझ्याकडंच गेली की, सकाळच्या गाडीनं. फोनातून काही जाईना मनली. लेकाचा जीव खालीवर हुईल मनली. त्यो बंद फोन कशाला न्यायचा मनून घरीच ठिवला."

म्हणजे ती एसटी.

आम्ही परत आलो तर आई गजाननच्या ओट्यावर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. "कुठं गेलतास? कुलूप बघून गल्लीभर इचारत हिंडले मी," त्या म्हणाल्या. "तुझा वाजला, मी ऐकला. उलटा द्याय गेले तर त्यातली बाई काहीतरी सांगायली. दुसऱ्या सिमावरबी तीच."

रिचार्ज संपला होता. दोन्ही सिमांचा. गजानन पायरीवर खाली बसला. "दोन्ही एकाच दिवशी भरले होते मी," तो म्हणाला, आणि मला वाटलं हा आता हसेल. तो आईच्या पदरात तोंड घालून रडला.

दुपारी त्यानं त्या दुरुस्तीला नकार कळवला. उत्तर आलं नाही एवढ्यावरून कुणाला मेलेलं धरू नका, असं काहीसं लिहिलं म्हणे. बरीच हुज्जत झाली, पण थांबायची वेळ होती तेवढीच राहिली.

आईंना त्यानं पुन्हा वालूरला जाऊ दिलं नाही. परवा मी चहाला गेलो होतो. स्वयंपाकघरात फोन वाजला आणि बंद झाला. मग गजाननच्या टेबलावरचा वाजला, बंद झाला. मध्ये फक्त एक पडदा. मी त्याच्याकडं बघितलं, तसा तो हळूच म्हणाला, "तिला काही बोलू नका, भाऊ. ते झाल्याबिगर करमत न्हाई तिला."

निघताना आई दारापर्यंत आल्या. पडद्याकडं एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "त्याला हसू नगा बरं का. वाजला न्हाई तर जेवत न्हाई त्यो."

मी दोघांनाही बरं म्हणालो.