सुभेदार आणि चार वायरी

दुपारचं जेवण उरकून वीरधवल सुभेदार सोप्यात आडवे होणार, तेवढ्यात त्यांची सून उत्कर्षा चार काळ्या वायरी घेऊन दारात उभी राहिली.

"आबा, जरा बघता का? आवाज नीट येत नाहीये."

लग्नाला आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत सून-सासऱ्यांमध्ये जेवण, गोळ्या आणि पाण्याची मोटर यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. सुभेदारांनी सव्वीस वर्षं सैन्याच्या सिग्नल विभागात काढली होती आणि निवृत्तीनंतर निम्म्या पलूस गावाचे रेडिओ उघडले होते. पण सुनेनं आपण होऊन काही मागायची ही पहिलीच वेळ. त्यामुळे नेमकं काय बिघडलंय हे न विचारताच ते उठले आणि म्हणाले, "त्यात काय, हुतंय की."

माडीवर गेल्यावर मात्र त्यांना प्रकरण जड वाटलं. गिटार त्यांच्या ओळखीची होती. उत्कर्षा पाचगणीची, तिथल्या एका बोर्डिंग शाळेत गिटार शिकवायची. तिचा प्रोसेसरही त्यांनी पाहिला होता. पायानं बटणं दाबायचा तो चपटा डबा गिटारीचा आवाज घुमवतो, लांबवतो, असं त्यांनी ऐकलं होतं. पण ती हेडफोन लावून वाजवायची, त्यामुळे घरच्यांना नुसतं टिणटिण ऐकू यायचं. शेजारी आवाज मोठा करणारा ट्रंकेएवढा अ‍ॅम्प मात्र त्यांना नवा होता. मुलगा इंद्रजितनं तो गेल्याच आठवड्यात सांगलीहून आणला होता, वापरलेला पण खरा. आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा असलेल्या सासूबाईंनी, म्हणजे मनुबाईंनी, कुणाला न विचारता त्याच दिवशी चारच्या कार्यक्रमात सुनेचं गिटारवादन ठेवून टाकलं होतं.

उत्कर्षानं तार छेडली. डालड्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा आवाज आला.

"प्रोसेसरच्या आत एक खोटा अ‍ॅम्प असतो," ती म्हणाली. "हा बाहेरचा खरा. खोट्याचा आवाज खऱ्यातून जातोय म्हणून असं होतंय."

"मग खोटा बंद कर."

"करते. पण मग घुमारा बरोबर लागत नाही. अ‍ॅम्पच्या पाठीला सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं आहेत. प्रोसेसरलाही तशीच दोन आहेत. हे सगळं चार वायरींनी जोडायचं म्हणतात. शाळेत आम्हाला एकच वायर असायची."

सेंड आणि रिटर्न हे शब्द ऐकून सुभेदारांचा जीव भांड्यात पडला. धाडायचं आणि घ्यायचं, जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी दोन चौकोन काढले. ह्याचा सेंड त्याच्या रिटर्नला, त्याचा सेंड ह्याच्या रिटर्नला. उरलेल्या दोन वायरी उरलेल्या भोकांत. चित्र इतकं सुबक आलं की त्यांनी खाली तारीख टाकली.

आवाज स्वच्छ आला. पण घुमारा नव्हताच आणि अ‍ॅम्पची बटणं ऐकेनात. सुभेदारांनी एक बटण शून्यावरून दहावर नेलं, दहावरून शून्यावर आणलं. ढिम्म फरक नाही.

"बटणं मेल्यात," त्यांनी निकाल दिला आणि खिशातून पेचकस काढला.

पेचकस बघून उत्कर्षानं घाईघाईनं इंद्रजितला फोन लावला. तो कोयनानगरच्या वीज प्रकल्पात नोकरीला होता आणि पाळी संपवून घाटातून येत होता. फोन लागला, पण बोलणं तुकड्यातुकड्यानं आलं. "आबांना सांग, सेंड... पुढच्या... अजिबात लावू नका... मगच..." आणि फोन गेला.

"काय लावू नका म्हणाला?" सुभेदारांनी विचारलं.

"पुढच्याला लावू नका, की पुढच्यालाच लावा आणि दुसरीकडे लावू नका, ते कळलं नाही."

दोघंही अ‍ॅम्पकडे बघत बसले. एवढ्यात मंडळाच्या चहासाठी मोठं पातेलं न्यायला मंडळातली बयाबाई आली. ती मूळची आटपाडीकडची, माहेरी शेरडं-मेंढरं. पातेलं राहिलं बाजूला, ती माडीवर येऊन टेकली.

"काय चाललंय, सुभेदार?"

"अगं, इथनं तिथं धाडलं, तिथनं इथं धाडलं. सगळं बरोबर हाय, पर चालंना."

बयाबाईनं पत्रिकेवरचं चित्र निरखलं. "हे साटंलोटं झालं. ह्यांची पोरगी त्यास्नी, त्यांची ह्यास्नी. साटंलोट्यात धड कुणाचंच व्हत न्हाई. आन् पोरगी मागल्या दारानं का घातलीया? घरात नवी सून कवा मागल्या दारानं येती व्हय?"

सुभेदारांनी अ‍ॅम्पला वळसा घातला. पुढच्या अंगाला एक भोक होतं, गिटार लावायचं. तेच पुढचं दार. म्हणजे प्रोसेसरचा सेंड इथं यायला हवा. गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर ढकलून, चाचपडत त्यांनी वायरी उपसल्या आणि पुन्हा खुपसल्या. "वाजीव," ते म्हणाले.

उत्कर्षानं एक तार छेडली. सूर निघाला आणि संपलाच नाही. तो खोलीत फिरून परत आला, आला तो जाडजूड होऊन आला, त्याच्यामागून आणखी एक आला. तिनं तारांवर हात ठेवला तरी तो चालूच राहिला, आता कुठून वाजतोय ते कळेना.

बयाबाईनं डोळे मिटले होते. "आमच्या माळावर सांजच्याला वारं सुटतं, तवा असंच वाजतं," ती हळूच म्हणाली.

आवाज ऐकून मनुबाईही जिना चढून आल्या. दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "हेच वाजव गं."

"आई, हे चुकून होतंय."

"चुकून का हुईना. मी आज बायकांस्नी हेच ऐकवणार हाय." आणि सांगून यायला त्या तरातरा निघूनही गेल्या.

इकडे सूर वाढतच चालला. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या, खाली कुत्रं विव्हळलं. सुभेदार घाबरले आणि त्यांनी हाताला येतील तेवढ्या वायरी उपटून काढल्या. खोली एकदम गप्प झाली. मग सासऱ्यांनी आणि सुनेनं मिळून, प्रत्येक वायर बोटानं दाखवत, पुन्हा जोडणी केली. प्रोसेसरचा सेंड पुढच्या दारानं आत, अ‍ॅम्पचा सेंड मागून प्रोसेसरच्या रिटर्नला, प्रोसेसरचं आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला, आणि चौथी वायर गिटारीची. आवाज असा गोड आला, घुमारा असा बेताचा आला, बटणंही अशी गरीब गाईसारखी वागू लागली, की उत्कर्षा हसली. सुभेदारांना सुनेचं हसू प्रथमच समोरून दिसलं.

चार वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये तिनं दोन धुना वाजवल्या. एकही सूर चुकला नाही. बायकांनी रीतसर टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतून बयाबाई म्हणाली, "हे झालं. आता ते वाऱ्याचं वाजीव."

मनुबाईंनी मघाशी अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. सगळ्या जणी वाट बघू लागल्या. उत्कर्षानं सासऱ्यांकडे बघितलं. सासरे स्टेजवर चढले, गुडघ्यावर बसले आणि वायरी बदलल्या. आवाज आला तो स्वच्छ. पुन्हा बदलल्या. आवाज गेला. तिसऱ्यांदा बदलल्या, तर पहिल्यापेक्षाही गोड आला.

"आबा, मघाशी कोणती कुठं होती?"

"ते ठाऊक असतं तर मघाशी तशी घातली असती व्हय?" सुभेदार कुजबुजले. "पोरी, मी इचार करून घातलं की बरोबरच लागतंय."

"मग विचार न करता घाला."

सुभेदारांनी डोळे मिटून घातल्या. पुन्हा बरोबर.

इंद्रजित घाटातून थेट हॉलवर आला तेव्हा त्याचे वडील आणि बायको घामाघूम होऊन स्टेजवर बसलेले होते. त्यानं वाकून जोडणी तपासली आणि कौतुकानं म्हणाला, "आबा, हे अगदी बरोबर लागलंय की. काय अडचण हाय?"

"हीच," सुभेदार म्हणाले.

शेवटी मनुबाईंनी माइक हातात घेतला. "बायांनो, तवर चहा घिऊया," त्या म्हणाल्या. "यंत्र सध्या चालू हाय. बिघडलं की हाक मारतो."