तळ्याला सोडलेली दोन बोटं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला गरजेपेक्षा जास्त दिसायला लागलं. पूर्वी बायकोचा राग जवळ आल्यावर कळायचा, आता दारातूनच दिसतो. भिंतीवरचे डाग दिसतात, ताटातला केस दिसतो. आणि एका सकाळी सुनेच्या खुर्चीमागून जाताना मला तिच्या कॉम्प्युटरवर एक वाकडी रेघ दिसली. गुपचूप पुढं गेलो असतो तर हे लिहायची पाळी आली नसती. पण गुपचूप पुढं जाणं माझ्या स्वभावात नाही. मी थांबलो आणि म्हणालो, "कापणी वाकडी झालीये."

(मी जन्मभर टेलरकाम केलं. शाळा चौथीत सोडली, म्हणजे खरं तर शाळेनंच मला सोडलं. लोक मास्तर म्हणतात ते टेलरमास्तर म्हणून. शिकण्याशिकवण्याचा त्यात काही संबंध नाही.)

सून म्हणाली, ही कापणी नाही, नकाशा आहे. नेटवरचा. जगातला कुणीही माणूस त्यात रेघ ओढू शकतो, खोडू शकतो. मी विचारलं, पगार किती. म्हणाली, काही नाही. मालक कोण. म्हणाली, सगळेच. मी म्हटलं, जे सगळ्यांचं असतं ते कुणी झाडत नाही. तर म्हणते, "म्हणून तर मी झाडतेय." (तिला जीभ आहे. मुलानं आणलीये, मी पसंत केलेली नाही. पण बरी आहे.)

ती जे झाडत होती ते आमच्या घरामागचं गोल्फचं मैदान होतं. त्याच्या भिंतीला पाठ लावून आमचा अख्खा संसार झाला, पण आत काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. भिंतीवरून चेंडू येतो, आम्ही शिव्या देतो, एवढीच ओळख. आता वरून काढलेल्या फोटोत ते सगळं उघडं पडलं होतं आणि मला चक्क खुर्ची ओढून बसावंसं वाटलं. हिरव्या जिभेसारखे लांब पट्टे, पट्ट्यांच्या टोकाला गोल ठिगळं, मधे मधे पिवळे डाग. सून एकेक सांगत गेली. पट्ट्याला फेअरवे म्हणतात, त्यावरून चेंडू मारत न्यायचा. टोकाचं बारीक गवताचं ठिगळ म्हणजे ग्रीन, त्यात भोक. पिवळा डाग म्हणजे बंकर, वाळूचा खड्डा.

खड्डा बुजवत का नाहीत, मी विचारलं. म्हणाली, मुद्दाम खणलेला असतो, चेंडू त्यात पडावा म्हणून.

म्हणजे आपणच खड्डा खणायचा, आपणच त्यात पडायचं, आणि वर वर्षाची वर्गणी भरायची. मी म्हटलं, मग लग्नात वेगळं काय असतं? स्वयंपाकघरात भांडं आपटलं, तेव्हा मी विषय बदलला. भोक केवढं असतं? तिनं हातानं दाखवलं, लोटी जाईल एवढं. मी थक्क झालो. मीही आयुष्यभर काजं केली, पण एका काजासाठी अख्खा तागा कधी पसरला नाही.

मग मी पुन्हा म्हणालो की तुझी रेघ वाकडी आहे. ती म्हणाली, एवढं दिसतंय तर तुम्हीच काढा, बाबा. आणि तिनं तिथल्या तिथं ‘टेलरमास्तर’ नावानं माझं खातं उघडून दिलं. काम सोपं होतं. फोटोत जी कड दिसते तिच्यावर टिंबं देत जायचं, शेवटचं टिंब पहिल्याला जोडायचं, हा बंकर, हे तळं असं निवडायचं आणि पाठवून द्यायचं. एवढं शिकवून ती माहेरी गेली, आईचा पाय मुरगळला होता म्हणून. मी आणि मैदान, दोघंच उरलो.

आता नीट ऐका, कारण पुढं सगळे मला खोटा म्हणाले. कापड बेतताना टेलर मापाच्या रेघेवर कात्री चालवत नाही. रेघेबाहेर दोन बोटं कापड सोडतो, शिवणीसाठी. जास्त झालं तर आत दुमडता येतं, कमी पडलं तर मालकीणबाईंना तोंड दाखवता येत नाही. हे माझ्या हातात इतकं मुरलंय की मी पोळीसुद्धा कडा सोडून खातो. तसंच मी केलं. स्क्रीनवर कडेबाहेर दोन बोटं ठेवायची आणि बोटांच्या पलीकडं टिंब द्यायचं. गवत वाढतं, तळं पावसात फुगतं, सैल असलेलं बरं. सगळं मैदान एकदम दिसावं म्हणून फोटो मी लहान करून घेतला होता. लहान केलेल्या फोटोत माझी दोन बोटं म्हणजे जमिनीवर केवढी, हा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता आणि मी विचारला नव्हता.

पाठवल्यावर, नकाशात इतरांच्या रेघा तपासणाऱ्या कुणा ‘घुबड’ नावाच्या माणसाचा निरोप आला. त्यानं घुबडाचंच चित्र लावलेलं होतं. फार अदबीनं लिहिलं होतं: मास्तर, आपल्याकडं बसथांबा वाळूत बुडाला आहे का? आणि भिंतीलगतच्या घरात तळ्याचं पाणी शिरलेलं दिसतं, सगळे सुखरूप आहेत ना?

मी एका बोटानं टाइप करून उत्तर दिलं की मी कपडे शिवायला लागलो तेव्हा तू अंड्यात होतास. तो गप्प झाला. मला वाटलं, पटलं.

हे झालं मैदानाचं. आता घरचं. आमच्या शेजारचं घर रिकामं झालं होतं, आणि आमच्या हिनं ते आपल्या थोरल्या बहिणीसाठी घरमालकाकडं बोलून ठेवलं होतं. म्हणजे माझी अक्कडसासू. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. आक्का एकटी पडली होती. तिचा मुलगा तिला आपल्याजवळ, पण वेगळ्या फ्लॅटमध्ये ठेवणार होता, सातव्या मजल्यावर, जिथं दारं बंद असतात आणि लिफ्टमध्ये लोक वर बघतात. आमची ही रोज देवासमोर हात जोडल्यासारखी शेजारच्या बंद दारासमोर उभी राहायची. एवढी एकच गोष्ट तिनं म्हातारपणी मागितली होती. मी नाही म्हटलं नव्हतं. (हो पण म्हटलं नव्हतं. आक्कानं माझ्या लग्नात माझ्याच अंगावरच्या सदऱ्याची कॉलर सगळ्यांसमोर सरळ केली होती, आणि तो सदरा मी स्वतः शिवला होता.)

आक्काचा हा मुलगा म्हणजे आमच्या हिचा भाचा. त्याला मी तपासनीस म्हणतो. त्याला समोरची भिंत दिसली तरी फोनवर बघून खात्री करतो. तो आईला घेऊन घर बघायला आला. नळ सोडून पाहिले, खिडक्या आपटून पाहिल्या, सगळं पसंत पडलं. ही चहा टाकायला वळणार, तोच त्यानं फोन काढला आणि तो जागच्या जागी उभा राहिला. मग त्यानं एक पाय उचलला.

"मावशी, हे घर पाण्यात आहे."

आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत. हिनं टाच आपटून दाखवली. तो म्हणाला, आत्ता नसेल, पण नकाशात स्पष्ट आहे. आणि फोन फिरवला. निळ्याशार पाण्यात शेजारचं घर एकटंच उभं होतं, कमळासारखं. आमचं घर पाण्याबाहेर, काठावर, अगदी सुरक्षित. ही म्हणाली, कुणीतरी चुकून काढलं असेल. तपासनीस म्हणाला, कुणी काढलं तेही दिसतं. दाबलं, वाचलं, आणि हळूच मान वर केली.

"काका, टेलरमास्तर कोण?"

त्या खोलीत मीच एकटा होतो ज्याच्या गळ्यात टेप होता. (सवय आहे. आंघोळीलासुद्धा आठवणीनं काढावा लागतो.)

मी शिवणीचं सांगितलं. दोन बोटांचं सांगितलं. बोटं दाखवली. जितकं खरं सांगत गेलो तितकं ते खोटं वाटत गेलं, मलाही वाटायला लागलं. तपासनीस म्हणाला की ज्या घराचा शेजारीच असा आहे तिथं आईला ठेवायचं का ते तो रविवारी कळवेल, आणि नकाशा बरोबर झाला नाही तर कळवायचीही गरज नाही. ही दारात उभी होती. नव्या डोळ्यानं मला तिचा राग शोधायचा होता, पण राग नव्हताच. रागापेक्षा वाईट काहीतरी होतं.

"पहिल्यापासून तिला पाण्यात पाहता ते मला ठाऊक होतं," ही म्हणाली. "पण नकाशात काढून दाखवायची काय गरज होती?"

त्यानंतर घरात माझ्याशी बोलणारं उरलं ते घुबड. मी त्याला लिहिलं, चुकलं, कसं निस्तरू. तो भला निघाला. म्हणाला, फोटो मोठा करा, कडेवरच टिंब द्या, एक दोराही बाहेर नको. पण तळ्याच्या काठावर झाडांची सावली आहे, फोटोत कड दिसत नाही, ती जाग्यावर जाऊनच बघावी लागेल.

मी टेप घेऊन मैदानाच्या फाटकावर गेलो, तर तिथं आक्का आधीच उभी. (रविवारपर्यंत ती बहिणीकडं, म्हणजे आमच्याकडंच राहिली होती.) म्हणाली, ज्या तळ्यात मला बुडवलंत ते मला बघायचंय. गवत कापणाऱ्या माणसाला आमची दया आली की भीती वाटली कोण जाणे, त्यानं आम्हाला आत घेतलं आणि सांगितलं की कुणी ओरडलं तर डोकं धरून खाली बसा.

मग आम्ही दोघं, ज्यांनी एकमेकांशी धड पाच वाक्यं कधी बोललेली नव्हती, टेपची दोन टोकं धरून तळ्याभोवती फिरलो. मध्येच कुणीतरी ओरडलं आणि दोघं खाली बसलो. चेंडू पार लांब पडला, पण उठताना दोघांचेही गुडघे वाजले आणि आक्कानं हात पुढं केला. मला जाता जाता ग्रीनच्या कडेला हात लावून बघायचा मोह आवरला नाही. आत मखमल, बाहेर गोणपाट, आणि मधे अशी स्वच्छ कड की मी ती बोटांनी तीनदा चाचपली. फोटोत हे कळत नाही. आक्कानंही चाचपली. म्हणाली, कापणारा चांगला आहे. माझ्या सदऱ्याबद्दल ती असं कधी बोलली नव्हती.

तळ्याच्या शेवटच्या कोपऱ्यात तिनं टेप ताणून धरला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "खरं सांगा. मुद्दाम काढलंत?"

"मुद्दाम काढायचं असतं तर बंकरात टाकलं असतं," मी म्हणालो. "त्यात पडलेलं सहज बाहेर निघत नाही."

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते, पण हसत होती. हसता हसता म्हणाली की त्या फ्लॅटमध्ये ती जाऊन आली, तिथं शिंक आली तरी कुणी काही म्हणत नाही. "इथं निदान तुम्ही वाईट बोलाल," ती म्हणाली. मी म्हटलं, त्याची खात्री बाळगा.

घरी येऊन मी सगळं उसवलं आणि नव्यानं बेतलं. तळं, बंकर, सगळी ग्रीनं, बसथांबा वाळूतून वर काढला. डोळ्यातून पाणी यायचं, डॉक्टरनं दिलेलं औषध घालायचो आणि परत बसायचो. प्रत्येक टिंब कडेवर. घुबडानं एकेक तपासलं, एका ग्रीनचा कोपरा दोनदा परत पाठवला, आणि शेवटी लिहिलं की एवढं नेमकं मैदान त्यानं क्वचितच बघितलंय. हिनं माझ्या खांद्यावरून वाकून शेजारचं घर बघितलं. कोरडं होतं. तिनं माझ्या समोर चहा ठेवला, साखर घातलेला. रविवारी तपासनिसाचा फोन आला. फोनवर ही काय बोलली ते मला कळलं नाही, कारण मध्येच ती पदर तोंडाला लावून मागल्या दारी निघून गेली होती.

आक्का राहायला आली. आणि आल्या आल्या म्हणाली, मैदान झालं, आता आपल्या दोन घरांच्या मागच्या अंगणातली हद्दही नकाशात नीट काढा, मधे कुंपण नाही, उगाच पुढंमागं वाद नको. माझ्या कामाचं नाव झालेलं. मी ताठ मानेनं टेप काढला, तिनं दुसरं टोक धरलं, घरमालकानं खुणेचे दगड दाखवले. एक दोराही इकडंतिकडं सोडला नाही. घुबडानं मंजूर केलं. ही रेघ आता जगात कुणालाही बघता येते.

त्या रेघेप्रमाणं मागल्या दारचा दगडी बाक, ज्यावर मी बिऱ्हाड केल्यापासून रोज सकाळी बसतो, तो अख्खाच्या अख्खा आक्काच्या अंगणात आहे.

आक्का मनानं वाईट नाही. म्हणते, खुशाल बसा, फक्त आधी विचारत जा. म्हणून मी रोज सकाळी अंगणाच्या मधोमध उभा राहतो आणि हाक मारतो, "आक्का, बसू का?" आवाज जरा कडक लागला तर ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून परत म्हणायला लावते.